ढालीवरचा सिंह आणि सनदेतली सरदारकी



एडिंबरा शहरात किल्ल्यापासून होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा एक रस्ता आहे. रॉयल माइल त्याचे नाव. तिथे स्मरणवस्तूंची दुकाने ओळीने लागलेली आहेत. तुम्ही आडनाव सांगायचे, कॅम्पबेल, मॅक्डोनल्ड, स्टुअर्ट, जे असेल ते. दुकानदार फळीवरून एक रंगवलेली लाकडी ढाल काढतो आणि म्हणतो, हे घ्या तुमच्या घराण्याचे मानचिन्ह. अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून आलेला पर्यटक खूश होऊन पैसे मोजतो. आपण खानदानी आहोत याची पाटीच हाती आली, आणखी काय हवे?

त्याच शहरात, प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्वेकडच्या टोकाला न्यू रजिस्टर हाउस नावाची इमारत आहे. तिथे लॉर्ड लायन किंग ऑफ आर्म्स या अधिकाऱ्याचे कार्यालय आणि न्यायालय आहे. ती लाकडी ढाल घेऊन तिथे गेलात, तर फार सभ्य शब्दांत सांगतील की स्कॉटलंडच्या कायद्यात आडनावाला मानचिन्ह नसते. मानचिन्ह असते ते माणसाला.

बरे, ही झाली दुकानातली ढाल. पण ज्याने रीतसर अर्ज केला, शुल्क भरले, ज्याला लॉर्ड लायनच्या सहीशिक्क्याची अस्सल सनद मिळाली, त्याचे काय? तो माणूस सरदार झाला का? उमराव झाला का? या प्रश्नाला खुद्द लायनच्या कार्यालयाने विसाव्या शतकात अनेक दशके 'हो' असे उत्तर दिले, आणि तेही सनदेतच लिहून. एकविसाव्या शतकात त्याच कार्यालयाने ते वाक्य गाळले. ते वाक्य आले कसे, टिकले कसे आणि गेले कसे, हा आजचा विषय. मुद्दे चार आहेत: चिन्ह कोणाचे, त्यामागे कायदा कोणता, सरदारकीचा दावा काय, आणि तो का टिकत नाही.

पहिला मुद्दा, चिन्ह कोणाचे.

युरोपातल्या लढाईत लोखंडी शिरस्त्राणाने चेहरा झाकलेला स्वार ओळखू यावा म्हणून ढालीवर आणि अंगरख्यावर रंगीत चिन्हे आली, ती बाराव्या शतकात. पुढे ती मोहरेवर, थडग्यावर, दरवाज्यावर चढली. पूर्ण मानचिन्हात मध्ये ढाल, तिच्यावर शिरस्त्राण, शिरस्त्राणावर एखादा प्राणी किंवा हात किंवा झाड, आणि एका पट्टीवर बोधवाक्य. स्कॉटलंडात हे बोधवाक्य बहुधा सर्वांत वर लिहितात आणि तेही सनदेचा भाग असते; इंग्लंडात ते खाली असते आणि धारकाला वाटेल तेव्हा बदलता येते. ढालीच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले प्राणी मात्र सगळ्यांना मिळत नाहीत. ते लॉर्डांना, भावकीच्या प्रमुखांना, मोठ्या संस्थांना.

आता या चिन्हाचा मालक कोण? स्कॉटलंडचे उत्तर अगदी कडक आहे: एका वेळी एकच माणूस. बाप गेला की त्याची ढाल जशीच्या तशी थोरल्याकडे जाते. धाकट्यांनी काय करायचे? त्यांनी लायनकडे अर्ज करून आपल्या ढालीत काही फरक करून घ्यायचा आणि ती नव्याने नोंदवायची. सहसा ढालीभोवती रंगीत किनार येते. पुढच्या पिढीत धाकट्याच्या धाकट्याला ती किनार दातेरी होते. जाणकार ढाल पाहून सांगतो, हा कोणाचा कितवा.

आपल्या मुंबईला एक नाव चांगले माहीत आहे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पेशवाईच्या अखेरीस पुण्याचे रेसिडेंट, १८१९ पासून १८२७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर. ते अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचे चौथे पुत्र. एवढ्या मोठ्या प्रांताचा कारभार हाकणारा हा माणूस. पण स्कॉटिश कायद्याप्रमाणे थोरल्या भावाची ढाल फरकाशिवाय वापरण्याचा हक्क त्याला नव्हता. अधिकार कितीही मिळवा, ढाल ज्येष्ठाची!

मग भावकीतल्या बाकीच्यांनी काय मिरवायचे? त्यांच्यासाठी एक सोय आहे. प्रमुखाच्या शिरस्त्राणावरचे चिन्ह, त्याभोवती गोल पट्टा आणि बक्कल. असा बिल्ला कोणीही भावबंद टोपीला लावू शकतो. पट्ट्याने वेढलेले चिन्ह म्हणजे 'मी अमुक प्रमुखाचा माणूस'. चिन्ह प्रमुखाचेच राहते, भावबंद त्याच्याशी असलेले नाते तेवढे दाखवतो.

दुसरा मुद्दा, कायदा.

जगात मानचिन्हे पुष्कळ देशांत आहेत, पण त्यांच्या मागे फौजदारी कायदा उभा आहे असे देश विरळ. स्कॉटलंड त्यांत ठळक. लायन हे पद चौदाव्या शतकापासून कागदोपत्री दिसते. राजाचा निरोप्या, राजसमारंभांचा व्यवस्थापक, चिन्हांचा न्यायाधीश अशा तिहेरी भूमिका त्यात आहेत. त्याच्या अंगाला हात लावणे म्हणजे राजाच्या अंगाला हात लावणे. १५१५ साली लॉर्ड ड्रमंडने रागाच्या भरात लायनवर हात उगारला, आणि त्यापायी त्याच्यावर राजद्रोहाचा ठपका येऊन कैद नशिबी आली. (हात उगारताना समोर कोण आहे ते पाहावे, हे तिकडेही खरेच.) हा दरारा अजून समारंभापुरता तरी उरला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या राज्यारोहणाची द्वाही एडिंबराच्या मर्कट क्रॉसवरून वाचली, ती लॉर्ड लायन जोसेफ मॉरो यांनीच.

कायदे तीन लक्षात ठेवायचे: १५९२, १६७२ आणि १८६७. १५९२ च्या कायद्याने लायनला देशभर फिरून चिन्हे तपासण्याचा, त्यांत योग्य ते फरक घालण्याचा आणि ज्यांची पात्रता नाही त्यांना ती वापरण्यास मनाई करण्याचा अधिकार दिला. बेकायदा चिन्ह ज्या वस्तूवर कोरले असेल ती वस्तू जप्त, वर शंभर स्कॉट्स पौंड दंड, नाहीतर तुरुंग. १६७२ च्या कायद्याने सगळ्यांना आपापली चिन्हे नोंदवायला सांगितले आणि त्यातून एक नोंदवही सुरू झाली. त्या वेळी लायनपदी सर चार्ल्स अर्स्किन होते. ती नोंदवही आजही चालू आहे. साडेतीनशे वर्षे एकाच मालिकेत भरत गेलेले खंड! १८६७ च्या कायद्याने लायनला पगारी केले आणि शुल्काचा पैसा सरकारी खजिन्याकडे वळवला.

या खंडांतल्या नोंदी पाहण्यासारख्या असतात. पानावर आधी शब्दांत वर्णन: ढालीचा रंग कोणता, त्यावर काय, किती, कोणत्या दिशेला तोंड करून. जुन्या फ्रेंच वळणाची ती परिभाषा इतकी बंदिस्त असते, की वर्णन वाचून कोणताही जाणकार चित्रकार ढाल पुन्हा काढू शकतो. शेजारी रंगवलेले चित्र. अर्जदाराला मिळणारी प्रत चर्मपत्रावर हाताने लिहिलेली, हाताने रंगवलेली, खाली लायनची मोहर. लायनच्या कार्यालयासाठी काम करणारे चित्रकार आजही ब्रशाने सोने चढवतात. कायद्याने मात्र वजन शब्दांनाच. चित्रकार बदलला तर सिंहाची आयाळ बदलेल, पण वर्णन बदलत नाही.

हे सगळे जुन्या बखरीत शोभण्यासारखे वाटते ना? तर दोन अलीकडच्या गोष्टी ऐका.

डोनाल्ड ट्रम्प यांची आई स्कॉटलंडच्या लुइस बेटावरची. ॲबर्डीनशायरच्या किनाऱ्यावर त्यांनी गोल्फचे मैदान उभारायला घेतले तेव्हा, २००८ च्या सुमारास, त्याच्या जाहिरातीत एक मानचिन्ह झळकू लागले. ते नोंदवहीत नव्हते. लायनच्या कार्यालयाने हरकत घेतली. ट्रम्प तेच चिन्ह अमेरिकेत वापरत आले होते, पण मुळात ते फ्लोरिडातल्या त्यांच्या मार-अ-लागो वाड्याच्या आधीच्या मालकिणीच्या नवऱ्याला, जोसेफ डेव्हिस नावाच्या मुत्सद्द्याला, १९३९ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी दिलेले होते. त्यावरचा 'सचोटी' या अर्थाचा लॅटिन शब्द काढून तिथे 'ट्रम्प' घातले होते! स्कॉटलंडात ते चालले नाही. अखेर रीतसर अर्ज झाला आणि २०१२ मध्ये त्या गोल्फ क्लबला स्वतंत्र सनद मिळाली: आकाश, वाळूच्या टेकड्या आणि समुद्र सुचवणारे पट्टे, पंजात गोल्फचे चेंडू धरलेला दोन डोक्यांचा गरुड, आणि 'कधीही हार मानू नका' अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य. सनद कोणाला मिळाली, ते ध्यानात ठेवा. ती क्लबला मिळाली. पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट फुटबॉलची. २०१५ मध्ये एअर युनायटेड या क्लबला कळवण्यात आले की त्यांच्या छातीवरचा बिल्ला बेकायदा आहे. ढालीच्या आकारात स्कॉटलंडचा फुलीचा झेंडा आणि त्यावर अक्षरे. म्हणजे ते मानचिन्ह झाले, आणि नोंद तर नाही. चाहते चिडले, वर्तमानपत्रांनी चेष्टा केली. पण क्लबला बिल्ला बदलावा लागला. कारण लायन कोर्टाला स्वतःचा सरकारी वकील असतो, त्याला तिकडे प्रोक्युरेटर फिस्कल म्हणतात. तो खटला भरू शकतो.

शेजारच्या इंग्लंडशी तुलना करा. तिथेही शिव्हलरी कोर्ट नावाचे न्यायालय आहे. ते अठराव्या शतकात निजले ते एकदम १९५४ साली जागे झाले. मँचेस्टरच्या एका नाट्यगृहाने रंगमंचाच्या वरच्या झालरीवर नगरपालिकेचे मानचिन्ह लावले होते, त्यावरून खटला. लॉर्ड गोडार्ड न्यायाधीश होते. निकाल नगरपालिकेच्या बाजूने लागला आणि न्यायालय पुन्हा झोपले. स्कॉटलंडचे लायन कोर्ट मात्र कधी झोपलेच नाही. तिथे राजाचा तांबडा सिंह असलेला पिवळा झेंडासुद्धा इमारतीवर लावायला सामान्य माणसाला बंदी आहे. पाचव्या जॉर्जच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने राजनिष्ठेची खूण म्हणून तो हातात धरून हलवायला परवानगी मिळाली, म्हणून सामन्यांच्या वेळी तो प्रेक्षकांत फडकताना दिसतो.

इतक्या तपशिलात शिरण्याचे कारण आहे. सरदारकीचा दावा ज्या कागदावर लिहिला गेला, तो कागद न्यायालयाचा होता. मागे पोलीस, दंड, जप्ती, सगळे होते. अशा कागदावर एखादे वाक्य आले, की ते वाक्यही तितकेच बळकट असणार असे वाचणाऱ्याला वाटते. इथेच गफलत होते.

तिसरा मुद्दा, दावा.

१९४५ ते १९६९ या काळात सर टॉमस इनेस ऑफ लर्नी हे लॉर्ड लायन होते. त्यांनी १९३४ साली स्कॉटिश चिन्हशास्त्रावर लिहिलेला ग्रंथ अजून हाताशी ठेवला जातो. माणूस विद्वान, हौशी, परंपरेचा कट्टर. त्यांच्या काळात सनदेत एक वाक्य ठाम झाले. त्याचा आशय असा, की या चिन्हाच्या आधारे अर्जदार आणि त्याचे वारस सर्व उमरावांमध्ये आणि मानाच्या सर्व ठिकाणी स्कॉटलंडच्या सरदारवर्गातले सरदार म्हणून धरले जावेत, मोजले जावेत, स्वीकारले जावेत. शाळामास्तराला, डॉक्टरला, कॅनडातल्या स्कॉटिश वंशाच्या वकिलाला, ज्याला सनद मिळाली त्याला हे वाक्य मिळाले.

इनेस यांचा युक्तिवाद काय होता? तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नीट मांडू या.

एक, जुन्या स्कॉटलंडात सरदारवर्ग म्हणजे नुसते ड्यूक आणि अर्ल नव्हेत. राजाकडून थेट जमीन धारण करणारे लहान बॅरनही त्यात मोडत, आणि जुन्या संसदेत त्यांना स्थान होते. १९४३ साली लायन कोर्टाने एका निर्णयात या लहान बॅरनांना जुन्या सरंजामी सरदारवर्गाचा भाग म्हटले.

दोन, १५९२ च्या कायद्याचीच भाषा पाहा. पात्रता नसलेल्या सामान्य लोकांनी चिन्ह वापरू नये असे तो म्हणतो. मग ज्याला चिन्ह मिळाले, तो सामान्य राहिला नाही, असाच अर्थ होत नाही का?

तीन, परदेशी गेलेल्या स्कॉटांची गरज. सोळाव्या-सतराव्या शतकांत हजारो स्कॉट फ्रान्स, स्वीडन, पोलंड इथे गेले. कोणी सैनिक म्हणून, कोणी व्यापारी म्हणून. फ्रान्सच्या राजाच्या अंगरक्षकांची एक तुकडीच स्कॉटिश होती. तिकडे दरबारात किंवा सैन्यात वरची जागा मिळवायची तर आपण कुलीन घरातले आहोत असा दाखला लागे. असे वंशदाखले मायदेशातून मिळवले जात. त्या देशांत लहान जमीनदारही सरदारवर्गात मोजला जाई. मग फ्रान्समध्ये गेलेला स्कॉट तिथे कुलीन आणि घरी परतला की साधा गृहस्थ, हे कसे? इनेस म्हणत, घरीही तो कुलीनच. आम्ही फक्त ते स्पष्ट लिहितो.

चांगला युक्तिवाद आहे. मग तो टिकत का नाही? हा चौथा मुद्दा, आणि इथे थोडे थांबावे लागेल.

पहिली अडचण अधिकाराची. ब्रिटनमध्ये मान-मरातबाचा उगम राजा. लॉर्डकी राजा देतो, बॅरोनेटपद राजा देतो, नाइटचा किताब राजा देतो. प्रत्येकाची स्वतंत्र सनद किंवा विधी. लायनला राजाने अधिकार दिला तो चिन्हांबाबत. लोकांना सरदार करण्याचा अधिकार दिल्याचे कलम १५९२ मध्ये आहे का? नाही. १६७२ मध्ये? नाही. १८६७ मध्ये? तिथेही नाही. उलट १६७२ चा कायदा म्हणतो की लायनने सद्गुणी आणि लायक माणसांना चिन्हे द्यावीत. लायकी ही देण्याआधीची अट झाली. चिन्ह मिळाल्यावर माणसाचा दर्जा बदलतो असे कायदा कुठेच म्हणत नाही.

दुसरी अडचण वरच्या कोर्टाने दाखवून दिली. आर्डगोरच्या मॅक्लीन भावकीत वारसाहक्काचा तंटा झाला: शेवटच्या मालकाची मुलगी एका बाजूला, पुरुषवंशातला चुलत घराण्यातला वारस दुसऱ्या बाजूला. प्रकरण लायनकडून वर कोर्ट ऑफ सेशनमध्ये गेले. १९४१ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी सांगितले की भावकीचा प्रमुख कोण हे ठरवणे लायनच्या न्यायाधिकारात येत नाही. चिन्हावर हक्क कोणाचा, एवढेच त्याने पाहायचे. लायनच्या अधिकाराला इतकी स्पष्ट हद्द घातली गेली असताना सरदार कोण हे ठरवण्याचा अधिकार त्याला कुठून येणार? आणि गंमत पाहा, सनदेतले सरदारकीचे वाक्य जोरात आले ते या निकालानंतर.

तिसरी अडचण युरोपच्या इतिहासाची. चिन्ह म्हणजे सरदारकी, हे समीकरण खुद्द युरोपातच खरे नव्हते. चौदाव्या शतकात इटलीतला मोठा कायदेपंडित बार्टोलस लिहून गेला की आपल्याला हवे ते चिन्ह कोणीही धारण करावे, फक्त दुसऱ्याचे ढापू नये. स्वित्झर्लंडात, नेदरलँड्समध्ये बेकऱ्या चालवणाऱ्यांची आणि सुतारांची चिन्हे आहेत, फ्रान्समध्ये शेतकऱ्यांची. आणि १६९६ चा फ्रान्स तर प्रसिद्धच. चौदाव्या लुईला लढायांसाठी पैसा हवा होता, म्हणून त्याने फर्मान काढले: सगळ्यांनी चिन्हे नोंदवा आणि शुल्क भरा. लाखाहून अधिक चिन्हे नोंदली गेली. ज्यांना चिन्ह नव्हते त्यांनाही कारकुनांनी ठोकून बसवून दिले. त्यात वाणी, खाटीक, वैद्य, सगळे. कोणी सरदार झाले का? मुळीच नाही, फक्त खजिना भरला. खरे तर क्रम उलटा होता. राजा एखाद्याला सरदार करी तेव्हा त्या सनदेत चिन्हही देई. सरदारकीमागून चिन्ह येते, चिन्हामागून सरदारकी नव्हे.

चौथी अडचण सर्वांत मजेची. चिन्हे फक्त माणसांना मिळत नाहीत. शहरांना मिळतात, बँकांना, विद्यापीठांना, शाळांना, कंपन्यांना मिळतात. मग सनद सरदार बनवत असेल, तर नगरपालिका सरदार झाली का? इनेस मागे हटणारे नव्हते. त्यांनी संस्थांनाही सरदारवर्गात बसवण्याची भाषा वापरली. पण ती भाषा वाचणाऱ्याला युक्तिवादाचा ताण जाणवतो. बँकेला सरदारकी, महाविद्यालयाला सरदारकी. आणि मघाशी लक्षात ठेवायला सांगितले होते तो गोल्फ क्लब! ती सनद इनेस यांच्या काळात निघाली असती, तर अठरा खड्ड्यांचे ते मैदानही स्कॉटलंडच्या उमरावांमध्ये गणले गेले असते.

ते झाले नाही, कारण २००८ साली डेव्हिड सेलर लॉर्ड लायन झाले. ते एडिंबरा विद्यापीठातले कायद्याच्या इतिहासाचे अभ्यासक. त्यांच्या कारकिर्दीत सरदारकीचे वाक्य नव्या सनदांमधून गाळले गेले. गाजावाजा झाला नाही. लायनच्या दारातली अर्जदारांची रांगही तशीच राहिली, चिन्हे तशीच दिली जाऊ लागली, रंग तेच, सोने तेच. एक वाक्य गेले आणि सनदेच्या कायदेशीर बळात कसलाही फरक पडला नाही. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणून पाटीलकी मिळत नाही. पण नाव लागलेले असते हेही काही थोडे नव्हे.

इथे एक शंका येईल. जुन्या बॅरनांचे काय? त्यांची बाजू तरी बळकट नव्हती का? होती. पण तिथेही कायदा बदलला. स्कॉटलंडच्या संसदेने २००० साली सरंजामी जमीनधारा रद्द करण्याचा कायदा केला आणि तो २८ नोव्हेंबर २००४ पासून लागू झाला. बॅरन ही पदवी जमिनीपासून सुटली. ती आजही आहे, वारशाने जाते, विकलीही जाते, पण जमिनीवर आधारलेला तिचा जुना अधिकार संपला. लायनच्या कार्यालयानेही त्यानंतर बॅरनांच्या ढालीवर खास टोपी वगैरे देण्याची जुनी प्रथा थांबवली.

आणि आणखी एक व्यापार. इंटरनेटवर चौरस फूटभर जागा विकतात. सोबत एक प्रमाणपत्र देतात की आजपासून तुम्ही 'लेअर्ड', म्हणजे जमीनदार. अशा स्मरणार्थ तुकड्यांची स्कॉटलंडच्या जमीन नोंदणीत नोंदच होत नाही. लायनच्या कार्यालयाची भूमिकाही स्पष्ट आहे: असा तुकडा घेतल्याने कोणी लायनच्या न्यायाधिकारात येत नाही, आणि चिन्हासाठी अर्ज करायला पात्रही ठरत नाही.

सरदारकी एकीकडे, चिन्ह एकीकडे, हे मुंबईच्या उदाहरणाने झटकन दिसते. सर जमशेटजी जीजीभाई. १८४२ मध्ये नाइट, १८५७ मध्ये बॅरोनेट. हा वंशपरंपरेचा किताब मिळालेले पहिले भारतीय. किताब राणी व्हिक्टोरियाच्या सनदेने आला. मानचिन्ह इंग्लंडच्या चिन्हाधिकाऱ्यांकडून वेगळे आले: निळ्या ढालीवर सह्याद्रीचे घाट, त्यामागून उगवणारा सूर्य आणि वर उडणाऱ्या दोन मधमाश्या. माश्या उद्योगाच्या, घाट मुंबईचे. ते चिन्ह त्यांना मिळाले नसते तरी ते बॅरोनेट राहिलेच असते. आणि किताबाशिवाय ते चिन्ह मिळाले असते, तर ते प्रतिष्ठित गृहस्थ ठरले असते, बॅरोनेट नव्हे. आणि काटेकोरपणे पाहिले तर बॅरोनेट म्हणजेही लॉर्ड नव्हे. संसदेच्या वरच्या सभागृहात त्याला जागा नसते.

मग स्कॉटिश सनद देते तरी काय? सांगून टाकू या. ती एका विशिष्ट चित्रावर, किंवा नेमके बोलायचे तर एका विशिष्ट वर्णनावर, एका माणसाचा किंवा संस्थेचा वारसा चालणारा, न्यायालयात बजावता येणारा, एकट्याचा हक्क देते. तुमच्या ढालीची कोणी नक्कल केली, तर तिच्यासाठी न्यायालय तयार आहे. धाकट्या मुलांना वेगळी किनार मिळते. मोहरेवर, पत्रावर, घराच्या दारावर, थडग्यावर ती कोरता येते. आणि अप्रत्यक्षपणे ती एक पसंतीची पावती आहे: हा माणूस लायक आहे असे राजाच्या अधिकाऱ्याला वाटले. सरकारी अधिकाऱ्याने असे लेखी म्हणणे याला काही मोल आहेच. पण हे मोल आणि सरदारकी यांच्यात जे अंतर आहे, ते इनेस यांनी एका वाक्यात ओलांडले आणि सेलर यांनी पुन्हा मोजून जागेवर आणले.

इनेस यांना दोष देऊन मोकळे होणेही बरोबर नाही. त्यांच्या समोरचा स्कॉटलंड आपली वेगळी संसद १७०७ मध्येच गमावून बसलेला होता. स्वतःचा म्हणून ज्या थोड्या संस्था उरल्या होत्या, त्यांत चर्च, न्यायव्यवस्था, शिक्षण आणि हे लायन कोर्ट. इंग्लंडचे चिन्हाधिकारी चिन्ह मिळालेल्याला साधारणपणे 'जंटलमन' मानत. त्यांच्यापेक्षा आपली परंपरा जुन्या युरोपच्या जवळची, अधिक उंच, हे दाखवण्याची ओढ त्या वाक्यात होती. ओढ खरी, पुरावा अपुरा. आणि आता एडिंबरात १९९९ पासून पुन्हा संसद भरते. सरंजामशाही याच संसदेने मोडली, आणि लायन कोर्ट याच काळात चालू ठेवले गेले.

थोडक्यात चार गोष्टी. स्कॉटलंडात चिन्ह आडनावाचे नाही, माणसाचे. त्याच्यामागे १५९२ आणि १६७२ चा अजून चालू असलेला कायदा आहे. त्या कायद्याच्या वजनावर सरदारकीचे वाक्य उभे राहिले, पण खुद्द कायद्यात ते कुठेच नाही. आणि लायन कोर्टाने स्वतःच ते वाक्य गाळले.

ज्यांना हे स्वतः पाहायचे असेल त्यांच्यासाठी एक माहिती. १६७२ पासूनच्या नोंदवहीचे जुने खंड स्कॉटलंड सरकारच्या वंशावळी-नोंदींच्या संकेतस्थळावर, स्कॉटलंड्सपीपलवर, पाहता येतात. शोधायला एखादे नाव हवे असेल तर एल्फिन्स्टन घालून पाहा. आणि पुढे आलेल्या प्रत्येक ढालीखाली ती कोणाची, थोरल्याची की धाकट्याची, तेवढे नीट वाचा.